दोन लहान जाहिरात एजन्सी एकत्र येतात तेव्हा नेमकं काय जोडलं जातं?

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ऑम्निकॉम आणि इंटरपब्लिक या दोन अमेरिकन जाहिरात कंपन्या एक झाल्या. त्यानंतर काही दिवसांतच डीडीबी, एफसीबी आणि मलनलो ही जुनी नावं बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. सुमारे ४,००० नोकऱ्या कमी होतील, असंही कंपनीने सांगितलं. मुंबईत या बातमीची चर्चा जास्त झाली, कारण 'डीडीबी मुद्रा', 'एफसीबी उल्का' आणि 'मलनलो लिंटास' या तीन मोठ्या एजन्सींच्या नावात हीच नावं होती.

एवढ्या मोठ्या व्यवहारात वकील, हिशेबतपासनीस आणि सल्लागारांची फौज असते. पण एकत्र येण्याचा हाच निर्णय एखाद्या तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन माणसांच्या एजन्सीला घ्यायचा असेल तर?

लातूरपासून वीसेक किलोमीटरवर, अंबाजोगाई रस्त्यावर असलेल्या रेणापूरचं उदाहरण घेऊ. अशा गावात जाहिरात एजन्सी म्हणजे बहुतेक वेळा एक मालक, एक डिझाइनर, एक संगणक आणि भरपूर ओळखी. वाढदिवसाचं फ्लेक्स, दुकानाचं उद्घाटन, नवरात्रातल्या शुभेच्छा, पेपरमधली जाहीर नोटीस आणि श्रद्धांजली, बियाण्यांच्या दुकानाची पत्रकं, दवाखान्याचा बोर्ड. अशा दोन एजन्सींनी हात मिळवले तर ग्राहक दुप्पट होतील, असा साधा हिशेब मांडला जातो. पण ग्राहकांबरोबर इतरही बरंच काही जोडलं जातं. त्यात उधारी असते, कर असतो आणि जुन्या कामाची जबाबदारीही असते.

एकत्र येण्याची वेळ का येते?

पहिलं कारण म्हणजे जाहिरातीचा पैसा फोनकडे वळला आहे. फिक्की आणि ईवाय यांच्या अहवालानुसार, २०२४ मध्ये भारतीय माध्यम आणि मनोरंजन क्षेत्रात कमाईच्या बाबतीत डिजिटल माध्यमांनी पहिल्यांदाच टीव्हीला मागे टाकलं. लहान गावातही दुकानदार आता फ्लेक्सबरोबर इन्स्टाग्रामचं रील आणि व्हॉट्सॲपवर फिरवायला व्हिडिओ मागतो.

दुसरं कारण लातूर शहराशी जोडलेलं आहे. 'लातूर पॅटर्न'मुळे शहरात क्लासेसची मोठी बाजारपेठ तयार झाली आहे. नीट किंवा जेईईचा निकाल लागला की गुणवंतांच्या फोटोंनी पेपरची पानं आणि चौकातली होर्डिंग्ज भरतात. ही कामं घ्यायची तर पेपर, होर्डिंग, व्हिडिओ आणि सोशल मीडिया या चारही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्या लागतात. एकट्या माणसाला ते झेपत नाही.

समजा, रेणापुरात एक एजन्सी आहे. ती फ्लेक्स आणि पेपरच्या जाहिराती करते. लातुरात दुसरी आहे, ती व्हिडिओ आणि सोशल मीडिया सांभाळते. पहिलीची वर्षाची उलाढाल १८ लाख रुपये, दुसरीची १६ लाख. दोघांनी एकत्र यायचं ठरवलं. या लेखातला पुढचा हिशेब याच काल्पनिक जोडीचा आहे.

एकत्र येण्याचे मार्ग कोणते?

सोप्या शब्दांत सांगायचं तर तीन.

पहिला, कामापुरती जोडी. दोन्ही एजन्सी वेगळ्या राहतात, पण एखाद्या ग्राहकाचं काम वाटून घेतात. एक जण ग्राहकाला बिल देतो, दुसरा पहिल्याला. यात अडकणं कमी असतं. मात्र कोण किती घेणार आणि ग्राहकाने पैसे थकवले तर तोटा कोणाचा, हे आधी कागदावर यायला हवं.

दुसरा, भागीदारी संस्था. यासाठी भारतीय भागीदारी कायदा, १९३२ लागू होतो. भागीदारी तोंडी बोलण्यावरही सुरू होऊ शकते आणि नोंदणी सक्तीची नाही. खरी मेख इथेच आहे. या कायद्याच्या कलम ६९ नुसार, नोंदणी न केलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दिवाणी दावा करता येत नाही. म्हणजे ग्राहकाने दोन लाख रुपये बुडवले तरी कोर्टाचा दरवाजा जवळपास बंद. ज्या धंद्यात निम्मा वेळ वसुलीत जातो, तिथे ही साधी गोष्ट नाही.

भागीदारीत दुसरी जोखीम आहे अमर्याद जबाबदारीची. फर्मच्या व्यवहारात एका भागीदाराने केलेल्या देण्याला सगळे भागीदार एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. लातूरच्या भागीदाराने फर्मच्या नावावर कर्ज उचललं आणि ते फिटलं नाही, तर बँक रेणापूरच्या भागीदाराच्या घरापर्यंत पोहोचू शकते.

तिसरा मार्ग एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. २००८ च्या कायद्याने ही सोय आणली. इथे संस्था भागीदारांपासून वेगळी मानली जाते, त्यामुळे सहसा भागीदाराची जोखीम त्याने घातलेल्या भांडवलापुरती राहते. त्या बदल्यात दरवर्षी विवरणपत्रं भरावी लागतात आणि ती चुकली की दंड लागतो. उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत किंवा भांडवल २५ लाखांपर्यंत असेल तर या कायद्याखालचं लेखापरीक्षण मात्र सक्तीचं नसतं.

आयकराचा फरकही लक्षात घ्यावा लागतो. एकट्या मालकाला टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या दराने कर लागतो. फर्म आणि एलएलपी या दोघांच्याही नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर उपकर लागतो. काम करणाऱ्या भागीदारांना दिलेला पगार ठरावीक मर्यादेपर्यंत नफ्यातून वजा होतो, पण त्यासाठी तो भागीदारी करारात लिहिलेला असावा लागतो. 'पगाराचं नंतर बघू' म्हणून करार उरकला, तर पहिल्याच वर्षी कर जास्त जातो.

जीएसटीचा हिशेब कसा बदलतो?

सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या २० लाख रुपये उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आपल्या उदाहरणात १८ लाखांची आणि १६ लाखांची, अशा दोन्ही एजन्सी या मर्यादेच्या आत आहेत. एकत्र आल्यावर उलाढाल ३४ लाख होते आणि नोंदणी अनिवार्य होते.

याचा परिणाम ग्राहकानुसार वेगळा होतो. जाहिरातीच्या बहुतेक सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे. क्लासचालक स्वतः विद्यार्थ्यांच्या फीवर जीएसटी आकारत असेल, तर एजन्सीला दिलेला कर तो आपल्या करातून वळता करून घेऊ शकतो. त्याला फारसा फरक पडत नाही. दवाखान्याचं तसं नाही. आरोग्यसेवा करमुक्त असल्याने डॉक्टरांना ही वजावट मिळत नाही. काल १०,००० रुपयांत होणारं काम आज त्यांना ११,८०० रुपयांना पडतं. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराचंही असंच. मग एजन्सीपुढे दोनच पर्याय उरतात. ग्राहकाला वाढीव बिल द्यायचं किंवा कराचा बोजा स्वतः सोसायचा.

पेपरच्या जाहिरातीत आणखी एक बारकावा आहे. छापील माध्यमातली जागा विकण्यावर ५ टक्के जीएसटी आहे. एजन्सी पेपरकडून जागा विकत घेऊन स्वतःच्या नावाने ग्राहकाला बिल देत असेल, तर पूर्ण रक्कम तिच्या उलाढालीत धरली जाते. ती पेपरच्या वतीने फक्त जाहिरात गोळा करून देत असेल, तर तिचं उत्पन्न म्हणजे केवळ कमिशन, आणि त्या कमिशनवर १८ टक्के. बिल कोणाच्या नावाने फाडलं जातं यावर २० लाखांची मर्यादा ओलांडली की नाही, हे ठरू शकतं.

एकल मालकीच्या एजन्सीचा पॅन हा मालकाचाच पॅन असतो. नवी फर्म झाली की नवा पॅन येतो आणि त्याबरोबर नवा जीएसटी क्रमांक. आधीची एजन्सी नोंदणीकृत असेल, तर तिच्या खात्यात शिल्लक असलेली करवजावट आपोआप येत नाही. ती वर्ग करण्यासाठी वेगळा अर्ज आहे. शिवाय धंदा हस्तांतरित होण्याआधीचा जीएसटी थकलेला असेल, तर कायद्यानुसार देणारा आणि घेणारा असे दोघेही त्याला जबाबदार धरले जातात. म्हणून हात मिळवण्याआधी एकमेकांची जुनी विवरणपत्रं पाहणं हा अविश्वास मानायचं कारण नाही.

उधारी कोणाची?

दोन लहान एजन्सींचं सगळ्यात जास्त बिनसतं ते इथे.

समजा, रेणापूरच्या एजन्सीचं लोकांकडे सहा लाख रुपये येणं आहे. मालक म्हणतो, 'हे माझं भांडवल.' पण त्यातले दोन लाख तीन वर्षांहून जुने आहेत. मुदतीच्या कायद्यानुसार अशा येण्यासाठी दावा करायची मुदत साधारणपणे तीन वर्षं आहे. त्या काळात देणेकऱ्याने लेखी कबुली दिली नसेल किंवा काही रक्कम भरल्याची लेखी नोंद नसेल, तर कोर्टातून वसुली होणं कठीण. म्हणजे कागदावर सहा लाख असले तरी भरवशाचे चारच. सहाच्या सहा भांडवल म्हणून धरले, तर नसलेल्या दोन लाखांवर दुसरा भागीदार नफ्याचा वाटा देत राहतो.

लातूरच्या एजन्सीची अडचण उलटी. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीचे पैसे कार्डातून लगेच कापले जातात. ग्राहक मात्र महिन्याने, दोन महिन्यांनी देतो. एकाचा पैसा लोकांकडे अडकलेला, दुसऱ्याला रोज पैसा लागणारा. दोघं एकत्र आले की धंदा वाढतो, पण हातातली रोकड पहिल्या काही महिन्यांत कमीही होऊ शकते.

यावर सरळ उपाय असा की जुनी उधारी ज्याची त्याच्याकडे ठेवायची आणि नव्या फर्मचा हिशेब ठरलेल्या तारखेपासून शून्यावर सुरू करायचा. जुनं येणं फर्ममध्ये आणायचंच असेल, तर नावनिशीवार यादी करून, 'जे वसूल होईल तेच भांडवल' असं लिहून घ्यायचं.

वसुलीसाठी आणखी एक हत्यार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. पण नवी फर्म म्हणजे नवा पॅन, त्यामुळे उद्यम नोंदणीही नव्याने करावी लागते. जुनं प्रमाणपत्र भिंतीवर लावून उपयोग नाही.

जुन्या कामाची जबाबदारी

जाहिरात एकदा लागली की संपली, असं आता राहिलेलं नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती जाहिरात एजन्सींनाही लागू आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासेसच्या जाहिरातींसाठी वेगळी तत्त्वं आली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा मनोगत वापरण्यासाठी त्याची लेखी संमती हवी, आणि ती निकालानंतर घेतलेली हवी, असं त्यात म्हटलं आहे. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर घेतलेली सही पुरत नाही. लातूरच्या बाजारात काम करणाऱ्या एजन्सीसाठी ही रोजची बाब आहे. ज्या एजन्सीबरोबर हात मिळवायचा, तिच्याकडे अशा संमतीपत्रांची फाइल आहे की नाही हे आधी पाहिलेलं बरं.

होर्डिंगचा मुद्दा त्याहून गंभीर. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. तालुक्याच्या गावात एवढा सांगाडा उभा राहत नाही, पण प्रश्न तोच असतो. परवानगी कोणाच्या नावावर आहे? तिची मुदत कधी संपते? सांगाड्याची मजबुती कोणी तपासली? उत्तरं मिळाली नाहीत, तर तो सांगाडा नव्या फर्मच्या मालमत्तेत न घेतलेलाच चांगला.

कमी दिसणाऱ्या गोष्टींचीही यादी करावी लागते. कोरलड्रॉच्या जुन्या फाइल्स एकाकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात, तर दुसरा युनिकोडवर काम करतो. मग दहा वर्षांचा साठा उघडला तरी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. ग्राहकांची फेसबुक पेज आणि जाहिरात खाती बऱ्याचदा मालकाच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यातून चालतात. तो माणूस सोडून गेला की पेजही अडकतं. व्हॉट्सॲपचा नंबर कोणाच्या नावावर आहे, हाही धंद्याचाच प्रश्न आहे.

सगळे ग्राहक बरोबर येतात का?

नाही. जाहिरातीत ग्राहक एजन्सीपेक्षा माणसाशी जोडलेला असतो. शिवाय प्रतिस्पर्ध्यांचा पेच आहे. रेणापूरची एजन्सी एका सराफाचं काम करते आणि लातूरची त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं. दिवाळीला एकाची मजुरीवरची सूट दुसऱ्याला आधी कळली तर? नुसती शंका आली तरी एक सराफ काम काढून घेतो. दोन क्लासेसच्या बाबतीतही तेच.

मोठ्या कंपन्या यावर एक तोडगा वापरतात. १९८६ मध्ये बीबीडीओ, डीडीबी आणि नीडहॅम या एजन्सी एकत्र येऊन ऑम्निकॉम तयार झाली, तेव्हा बीबीडीओ वेगळी ठेवली गेली आणि डीडीबी-नीडहॅम एक झाल्या. मालक एक, पण एजन्सी वेगवेगळ्या, म्हणजे स्पर्धक ग्राहकांना वेगळी दारं मिळतात. चार माणसांच्या फर्मला हे परवडत नाही. तिला एकाच धंद्यातले दोन मोठे ग्राहक असतील तर त्यातला कोणता ठेवायचा, हे आधीच ठरवावं लागतं. ३४ लाखांच्या बेरजेतून ती रक्कम वजा करूनच पुढचा अंदाज बांधावा लागतो.

फक्त दर ठरवले तर चालेल का?

'फर्म नको, आपापसात भाव पाडायचा नाही एवढंच ठरवू,' असा सोपा मार्ग काहींना सुचतो. हा मार्ग धोक्याचा आहे. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार, एकाच धंद्यातल्या स्वतंत्र संस्थांनी संगनमताने दर ठरवणं किंवा ग्राहक वाटून घेणं बेकायदा ठरू शकतं. मार्च २०२५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने दर संगनमताने ठरवल्याच्या संशयावरून देशातल्या मोठ्या जाहिरात एजन्सींच्या कार्यालयांवर छापे टाकले होते.

नगरपंचायतीच्या निविदेत दोन्ही एजन्सींनी आतून ठरवून वेगवेगळे दर भरणं हेही त्यातच येतं. उलट, खरोखर एक फर्म होणं कायद्याला मान्य आहे. आणि त्यासाठी आयोगाची परवानगीही लागत नाही, कारण ज्या संस्थेचा धंदा घेतला जातो तिची देशातली मालमत्ता ४५० कोटींपर्यंत किंवा उलाढाल १,२५० कोटी रुपयांपर्यंत असेल तर त्या व्यवहाराला सूट आहे.

शेवटचा शब्द कोणाचा?

जुलै २०१३ मध्ये फ्रान्सची पब्लिसिस आणि अमेरिकेची ऑम्निकॉम यांनी 'बरोबरीचं विलीनीकरण' जाहीर केलं. सुमारे ३,५०० कोटी डॉलर्सची कंपनी तयार होणार होती आणि सुरुवातीला दोन्हीकडचे प्रमुख मिळून ती चालवणार होते. मे २०१४ मध्ये हा करार मोडला. कराची गुंतागुंत होतीच, पण महत्त्वाच्या पदांवर, विशेषतः वित्तप्रमुखाच्या जागी, कोणाचा माणूस बसणार यावर एकमत झालं नाही.

लहान एजन्सीत वित्तप्रमुख नसतो, पण बँकेच्या खात्यावर सही कोणाची हा प्रश्न असतोच. एका सहीवर किती रकमेपर्यंत व्यवहार होईल? ग्राहकाला सूट कोण देणार? उधार किती द्यायचं? पन्नास-पन्नास टक्क्यांच्या भागीदारीत मतभेद झाला तर तिढा सोडवायला तिसरं कोणीच नसतं. म्हणून कामं वाटून, त्या त्या कामात एकाचा शब्द अंतिम ठेवणं आणि न मिटणाऱ्या वादासाठी लवाद नेमण्याची तरतूद करणं उपयोगी ठरतं.

वेगळं व्हायचं ठरलं तर?

करार करतानाच ही कलमं लिहायची असतात, कारण त्या वेळी दोघंही चांगल्या मनःस्थितीत असतात. बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याची किंमत कशी काढायची, फर्मचं नाव कोणाकडे राहणार, कोणते ग्राहक कोणी न्यायचे, हे त्यात यायला हवं. बाहेर पडलेल्या भागीदाराने ठरावीक काळ किंवा ठरावीक भागात तोच धंदा करू नये, अशी वाजवी अटही भागीदारी कायद्यात मान्य आहे. नोकरी सोडलेल्या डिझाइनरवर मात्र तशी बंदी सहसा टिकत नाही.

आणि एक गोष्ट या धंद्यातल्या लोकांनी तरी विसरू नये. नोंदणीकृत फर्ममधून भागीदार निवृत्त झाला किंवा फर्म विसर्जित झाली, तर कलम ७२ नुसार फर्म निबंधकांना कळवावं लागतं, आणि राजपत्राबरोबरच त्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात नोटीस द्यावी लागते. ती दिली नाही, तर बाहेर पडलेला भागीदारही नंतरच्या देण्यांत अडकू शकतो. इतरांच्या जाहीर नोटिसा पेपरला पोहोचवणाऱ्या एजन्सीने स्वतःची नोटीस वेळेवर छापली नाही, तर तिची किंमत मालकालाच मोजावी लागते.

मग रेणापूर आणि लातूरच्या त्या जोडीने काय करावं? लगेच फर्म काढण्याऐवजी एक हंगाम, म्हणजे निकालाच्या दिवसांपासून दिवाळीपर्यंत, कामापुरती जोडी करून पाहता येते. तेवढ्या काळात समोरचा बिल कधी पाठवतो, छपाईवाल्याचे पैसे कधी देतो आणि ग्राहक रागावला तर फोन कोण उचलतो, हे कळतं. त्यानंतर करार करायचा ठरला, तर दोघांनी आपापली उधारीची वही आणि जीएसटीची विवरणपत्रं एकमेकांसमोर ठेवूनच सही करावी.